रमाईंचा संसार आणि जोडी जुळणे म्हणजे नेमके काय?

मे महिना आपल्या वस्त्यांमध्ये मोठ्या गडबडीचा असतो. बुद्धपौर्णिमा असते, लग्नसराई असते आणि महिना संपता संपता २७ मे येतो, माता रमाईंचा स्मृतिदिन. एकाच समाजमंदिरात सकाळी रमाईंच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो आणि संध्याकाळी तिथेच कुणाच्या तरी मुलीचा बायोडाटा हातोहात फिरतो. उंची किती, रंग कसा, पॅकेज किती, स्वतःचा फ्लॅट आहे का, गाव कोणते. कुठे कुठे हळूच पोटजातही विचारली जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पत्रिका जुळवून पाहणारेही आम्हाला भेटले आहेत.

याच गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येते. चळवळीत काम करणारा तरुण म्हणतो की मला रमाईसारखी जोडीदार हवी. ते ऐकून मोठी माणसे माना डोलावतात. तिथे बसलेल्या मुली मात्र गप्प असतात. त्या का गप्प असतात, याचा विचार आपण फारसा करत नाही.

म्हणून यंदा रमाईंना अभिवादन करताना आम्ही त्यांचे आयुष्य या एका प्रश्नाच्या उजेडात पुन्हा सांगणार आहोत. दोन माणसांचे जुळते म्हणजे काय जुळते? आणि एकोणतीस वर्षांचा तो संसार नेमका कशावर टिकला?

वणंदची मुलगी

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी कोकणातल्या दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करत. आईचे नाव रुक्मिणी. घरात बहिणी होत्या, शंकर नावाचा लहान भाऊ होता. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडे नातेवाइकांनी मुंबईला, भायखळ्याच्या बाजाराजवळच्या चाळीत आणली.

तिथेच सुभेदार रामजी आंबेडकर आपल्या भिवासाठी मुलगी पाहायला आले. १९०६ साली लग्न झाले. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा चौदा-पंधरा वर्षांचा, अजून मॅट्रिकही न झालेला. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसभराची खरेदी-विक्री संपल्यावर. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात वधूपक्ष. बाजाराचे ओटे हीच पाहुण्यांची बैठक आणि पायाखालून वाहणारे गटाराचे पाणी. पहाटे कोळिणी टोपल्या घेऊन यायच्या आत बाजार मोकळा करून द्यायचा होता.

इथेच एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या लग्नात कुणी कुणाला निवडले नव्हते. त्या मुलीला कुणी काही विचारले नाही, मुलालाही नाही. तेव्हाची रीतच तशी होती. त्यामुळे ही जोडी मुळातच जुळलेली होती असे म्हणणे खरे नाही. जे जुळले ते पुढे, वर्षावर्षाने, दोघांनी मिळून जुळवले. काही ठिकाणी ते जुळलेही नाही. तेही आपण पाहणार आहोत.

दूर गेलेला नवरा

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला यशवंताचा जन्म झाला. पुढच्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले आणि घराचा आधार गेला. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रमाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. कडेवर सात महिन्यांचे मूल होते.

तिथून भीमराव लंडनला गेले आणि १९१७ मध्ये परत आले. बडोद्यात नोकरी केली, तिथला अपमान सोसून मुंबईला आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. महिना साडेचारशे रुपये पगार होता, म्हणजे आता तरी बरे दिवस येतील असे कुणालाही वाटले असते. पण त्यांना अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. पगारातून पैसे बाजूला टाकले जाऊ लागले. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले. परतले ते १९२३ मध्ये, बॅरिस्टर होऊन.

मधल्या काळात मुंबईत काय चालले होते? परळच्या चाळीत रमाई, जाऊबाई लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, यशवंत आणि रमाईंची भावंडे असा मोठा गोतावळा होता. मिळवते हात थोडे आणि तेही रोजंदारीचे. रमाई शेण गोळा करून आणत, गोवऱ्या थापत, त्यावर चूल पेटे. महिन्याच्या खर्चासाठी हातात जे पैसे येत त्यांच्या तीस पुड्या बांधायच्या आणि रोज एकच पुडी सोडायची, हा त्यांचा हिशोब आपल्या घराघरांत आजही सांगितला जातो. शिकलेल्या बाईला लाजवील असा हा अर्थसंकल्प. नवरा लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता आणि बायको परळमध्ये एकेका रुपयाचा प्रश्न रोज सोडवत होती.

चार मुले

या संसारात पाच मुले जन्माला आली. त्यांपैकी फक्त यशवंत वाचला. गंगाधर, रमेश आणि इंदू ही तीन मुले लहानपणीच गेली. सर्वात धाकटा राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी गेल्याचे त्यात ते सांगतात आणि या धक्क्यातून आपण दोघे सावरू असे ढोंग करण्यात अर्थ नाही, असेही कबूल करतात.

या पत्रात बाप एकट्याच्या दुःखाबद्दल लिहीत नाही, तो बायकोसह दोघांचे दुःख सांगतो. शोक दोघांचा होता. पण शरीर एकाचेच झिजले. पाच बाळंतपणे, अर्धपोटी दिवस आणि चार वेळा रिकामी झालेली कूस, यांनी रमाईंची प्रकृती कायमची खालावली. जुलै १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. १९३८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव त्या विधिमंडळात आला आणि नामंजूर झाला. हे दोन्ही प्रसंग वाचताना परळची ती खोली आमच्या डोळ्यांसमोर येते.

नकुलपिता आणि नकुलमाता

आता थोडे अडीच हजार वर्षे मागे जाऊ. अंगुत्तर निकायात एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचे हे गृहस्थ जोडपे, नकुलपिता आणि नकुलमाता. कोवळ्या वयात लग्न होऊन एकत्र आलेले. भगवान बुद्ध त्यांच्या घरी आले तेव्हा दोघांनीही सांगितले की लग्न झाल्यापासून आपण एकमेकांशी मनानेसुद्धा प्रतारणा केलेली नाही, आणि ही सोबत अशीच टिकावी अशी आपली इच्छा आहे.

बुद्धांनी त्यांना ग्रह-तारे सांगितले नाहीत. कूळ विचारले नाही. पैसाअडका, रूप, वय यांचाही उल्लेख केला नाही. सोबत टिकायची असेल तर दोघांमध्ये चार गोष्टी सारख्या असाव्यात असे सांगितले. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. पुढच्या जन्माचा भाग बाजूला ठेवला तरी या जन्मासाठी ही कसोटी पुरेशी आहे. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांऐवजी बौद्धांसाठी हे चार गुण. आणि यात एक बारकावा आहे. हे चार गुण फक्त बायकोत असून भागत नाही, दोघांत सारखे लागतात.

या चार गोष्टींवर रमाई-बाबासाहेबांचा संसार तपासला तर काय दिसते?

श्रद्धा : पंढरपूरचा वाद

सुरुवातीला श्रद्धा एक नव्हती. रमाई विठ्ठलभक्त होत्या. पंढरपूरला जावे ही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी नवऱ्यापाशी बोलून दाखवली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. जे देऊळ आपल्या माणसांना पायरीपासून दूर उभे करते तिथे जाण्यात काय अर्थ, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर उभे करू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. तोवर रमाईंना जाऊन बारा वर्षे झाली होती.

हा प्रसंग आपल्याकडे बाबासाहेबांच्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एका बाईची अपुरी राहिलेली इच्छाही आहे. ती आपण गाळू नये. देवाच्या बाबतीत दोघांचे मत वेगळे होते. मग सारखे काय होते? आपली माणसे माणूस म्हणून जगली पाहिजेत, ही श्रद्धा सारखी होती. बाबासाहेब सभेत बोलत होते ते रमाई घरात जगत होत्या. घरी येणाऱ्या कार्यकर्त्याला, विद्यार्थ्याला, गावाकडून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी परके मानले नाही. म्हणूनच त्या सगळ्यांच्या आई झाल्या.

आजच्या जोडप्यांनाही हे लागू आहे. एकाला विहारात जायला आवडते, दुसऱ्याला अभ्यासवर्गात. एकाच्या आईच्या घरी अजून देव्हारा असतो. यावरून रोज भांडण करायचे की तळाशी आपले काय एक आहे ते शोधायचे, हे ठरवावे लागते.

शील आणि त्याग

शीलाच्या बाबतीत ही जोडी खरोखर समान होती. परदेशात एकटा राहणारा तरुण नवरा पुस्तकांशिवाय दुसऱ्या कशात रमला नाही. इकडे तरुण बायकोने घराचे नाव खाली जाऊ दिले नाही. वर्षानुवर्षांचे अंतर या एका विश्वासावर पार झाले. पत्र पोहोचायला आठवडे लागत होते. लास्ट सीन पाहायची सोय नव्हती.

त्यागाचे गणित मात्र अवघड आहे. दोघांनीही त्याग केला. पण नवऱ्याच्या त्यागातून पदव्या, ग्रंथ, कीर्ती आणि इतिहास घडला. बायकोच्या त्यागातून फक्त थकवा आला. हा फरक आपण कितीही भक्तिभावाने झाकला तरी झाकला जात नाही. आणि तो बाबासाहेबांनीही झाकलेला नाही. हीच या कथेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे असे आम्हाला वाटते.

३ फेब्रुवारी १९२८ च्या ‘बहिष्कृत भारत’च्या अंकात बाबासाहेबांनी आपल्यावरच्या आणि समाजावरच्या ऋणाबद्दल लिहिले. त्यात त्यांनी आपल्या बायकोचा उल्लेख केला. आपण परदेशात असताना तिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, आपण परतल्यावरही विपन्नावस्थेत तिला डोक्यावर शेणाचे भारे वाहावे लागले, आणि अशा पूज्य बाईसाठी आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही देता येत नाही, हे त्यांनी छापून सांगितले. रमाई तेव्हा जिवंत होत्या, तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. चळवळीच्या पत्रात, हजारो वाचकांसमोर, संपादक आपल्या घरातले देणे मान्य करत होता. बायकोने कष्ट करायचेच असतात असे मानणाऱ्या त्या काळात हे लिहिणे सोपे नव्हते.

नकुलमातेची आणखी एक गोष्ट आहे. नवरा आजारी पडला, आपल्या माघारी घराचे काय होईल या चिंतेने तो खचला. तेव्हा तिने त्याला धीर दिला की मला सूत कातता येते, मी मुलांना वाढवीन, घर चालवीन, तू काळजी करू नकोस. तो बरा झाल्यावर बुद्धांनी त्याला सांगितले की अशी हितचिंतक, उपदेश करणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य. म्हणजे पत्नीचे उपकार पतीने जाणून घ्यावेत, हे काम भगवंतांनी पतीकडे दिले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये हेच केले.

प्रज्ञा : अपुरी राहिलेली बाजू

चौथी गोष्ट प्रज्ञा. एकीकडे जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेला विद्वान. दुसरीकडे लग्नानंतर थोडेफार लिहा-वाचायला शिकलेली बाई. हे अंतर होतेच. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिताना तरुण भीमरावांनी मुलांच्या बरोबरीने मुलींना शिकवण्याचा आग्रह धरला होता. स्वतःच्या घरात मात्र त्या शिक्षणाला ना वेळ मिळाला ना स्वास्थ्य.

प्रज्ञा म्हणजे पदवी नव्हे, हे खरे. काय टिकवायचे आणि काय सोडायचे हे रमाईंना कळत होते. पण म्हणून त्यांच्या न झालेल्या शिक्षणाचे आपण कौतुक करू नये. ती संधी व्यवस्थेने हिरावली होती. बायको कमी शिकलेली असली की संसार नीट चालतो, असे रमाईंचे उदाहरण देऊन सांगणारी माणसे आम्ही ऐकली आहेत. यापेक्षा मोठा अनादर दुसरा नाही.

राजगृह आणि नंतर

तिसाव्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. पुस्तकांसाठी बांधलेले घर. परळच्या दोन खोल्यांतून रमाई तिथे आल्या, पण तोवर शरीर थकले होते. औषधे झाली, हवापालट झाला. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. वय अवघे सदतीस. अंत्ययात्रेला हजारो माणसे होती आणि बाबासाहेब त्यांच्यामध्ये मूकपणे चालत होते. पुढचे कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दुसरे पंढरपूर खरोखर उभे राहिले. तो दिवस रमाईंनी पाहिला नाही.

पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे शुद्ध चारित्र्य आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची तिची तयारी आठवली आहे. घरातले नावच त्यांनी जगासमोर ठेवले.

आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत, हजारो स्त्रियांसमोर, त्यांनी आपले मत सांगितले. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्यासमोर उभे राहावे, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून वागावे, गुलाम होण्याचे नाकारावे. बाजारात रात्री लागलेल्या त्या बालविवाहानंतर छत्तीस वर्षांनी हा माणूस हे सांगत होता. पुढच्या पिढीच्या मुलींनी रमाईंसारखे सोसावे असे त्याने सांगितले नाही. त्यांना सोसावेच लागू नये असे सांगितले.

आपण काय घ्यायचे?

तरुण मित्रांनो, रमाईसारखी बायको मागण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारा. मी तिला विचारले आहे का, की गृहीत धरले आहे? माझ्या चळवळीचा खर्च घरात कोण भागवते आणि त्याचा हिशोब मी कधी चारचौघांत मान्य केला आहे का? तिचा अभ्यास, तिची नोकरी, तिचे भाषण यासाठी मी मुलांना सांभाळत घरी थांबलो आहे का? बाबासाहेबांना अर्धा तास मिळत नव्हता आणि त्याची त्यांना खंत होती. आपल्यापैकी अनेकांना वेळ मिळतो, पण तो मोबाईलमध्ये जातो आणि खंतही वाटत नाही.

मैत्रिणींनो, त्याग हा मोठा गुण आहे, पण तो चार गुणांपैकी एक आहे आणि तो दोघांत सारखा हवा. बायोडाटा हातात आला की पॅकेजचा रकाना वाचून झाल्यावर ही चार नावे मनात आणा. याची श्रद्धा कशावर आहे? पैसा आणि दारू यांच्या बाबतीत याचे शील कसे आहे? हा स्वतःचे काय सोडायला तयार आहे? आणि माझ्या बुद्धीला हा भितो की तिचा मान राखतो?

आवडीनिवडी जुळणे चांगलेच. पण सिनेमा आणि जेवणाच्या आवडी दहा वर्षांत बदलतात. रमाई आणि बाबासाहेबांमध्ये शिक्षण जुळत नव्हते, देव जुळत नव्हता, दिवसाचे वेळापत्रकही जुळत नव्हते. जुळत होते ते शील, आपल्या माणसांबद्दलची कळकळ आणि दुसऱ्याने आपल्यासाठी काय सोसले याची जाणीव. ती जाणीव एकाच बाजूला असती तर हा संसार म्हणजे नुसती सहनशीलता ठरली असती.

यंदा २७ मे ला प्रतिमेला हार घालताना घरातल्या आईला, बायकोला, बहिणीला एक प्रश्न विचारू या. तुझे कोणते पंढरपूर राहून गेले? आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबू या.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय. जय भीम!